आम्ही मुलाकडचे

यादी वाचून झाल्यावर मी भावाला एवढंच विचारलं, "आणि हे सगळं आम्ही न्यायचं?"

"हो."

"म्हणजे मुलाकडच्यांनी?"

"हो गं ताई."

मी फोन त्याच्यापुढे सरकवला आणि चहाचं आधण ठेवायला उठले. राग आला की मला हाताला काहीतरी काम लागतं.

माझा धाकटा भाऊ इथे आयर्लंडमध्ये, डब्लिनजवळच्या लिक्सलिपला कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर आहे. राहतो ॲडम्सटाउनला. तिथे सगळी घरं एकाच साच्यातून काढल्यासारखी आहेत आणि स्वतःचं घर ओळखायला दाराचा रंग लक्षात ठेवावा लागतो. तिथल्या स्टेशनवर त्याची एका घानाच्या मुलीशी ओळख झाली. ती लहानपणीच इकडे आली आणि मावशीकडे वाढली. आईवडील काही वर्षं डब्लिनला काढून पुन्हा घानाला, कुमासीला गेले. मुलगी हॉस्पिटलात नर्स होती. दोघांच्या ओळखीला दोन वर्षं होत आली होती, त्यातली बरीचशी लॉकडाऊनमध्येच गेली. मी तिला दोनदा भेटले होते. एकदा बागेत, दोन मीटर अंतर ठेवून, आणि एकदा आमच्याकडे लिमरिकला जेवायला आली तेव्हा. तिने वरण दोनदा मागून घेतलं. हे कुणीतरी शिकवून पाठवलेलं आहे, असं मला वाटलं.

आता एकवीस सालचा सप्टेंबर होता. विमानं पुन्हा उडायला लागली होती, आणि मुलीच्या घरच्यांना साखरपुडा हवा होता. त्यांच्या पद्धतीचा, कुमासीला, ऑक्टोबरच्या शेवटी.

यादीत सहा वारांची छापील कापडं होती. केंटे नावाचं हातमागाचं रंगीबेरंगी कापड होतं. बायबल, अंगठी, मुलीच्या आईसाठी कापड, वडिलांसाठी कापड. एक कोरी सूटकेस, आणि तिच्यात चपलांपासून अंतर्वस्त्रांपर्यंत मुलीला लागेल ते सगळं. श्नॅप्सच्या बाटल्या. शेवटी भावांसाठी भेट.

"भावांना कशाबद्दल?"

"आपल्याकडे कानपिळी असते ना, तसंच."

"आपल्याकडे मुलीचा भाऊ नवऱ्याचा कान तरी पिळतो. हे नुसतेच बसून घेणार?"

"पिळायला सांगू का?" तो हसला. मी हसले नाही.

मग त्याने खरी गोष्ट सांगितली. त्या समारंभाच्या आधी दार ठोठावायचा विधी असतो. मुलाकडच्यांनी मुलीच्या घरी जायचं, दारावर टकटक करायची आणि बाहेर थांबायचं. आतून विचारतात, कोण तुम्ही, कशासाठी आलात? मग आपल्यातल्या एका वडीलधाऱ्या माणसाने नम्रपणे सांगायचं. त्यांना पटलं तर आत घेतात, नाहीतर परत पाठवतात आणि चौकशी करून कळवू म्हणतात. उशीर झाला तर दंड.

"आपल्यातलं वडीलधारं कोण?" मी विचारलं, पण उत्तर मला कळलेलं होतं.

आईबाबा नागपूरला. बाबांचे गुडघे गेलेले, आईची शुगर, शिवाय व्हिसाचा घोळ. ते येणं शक्यच नव्हतं. भावाने मुलीच्या वडिलांना सुचवून पाहिलं होतं, की आमचे आईवडील व्हिडिओ कॉलवर बोलतील. ते म्हणाले, माझ्या दारावर फोनमधून कुणी टकटक करायची नाही. रक्ताचं माणूस येऊन मागणार असेल तर बोलू, नाहीतर विषय संपला.

"एवढा ताठा? मुलीचा बाप असून?"

हे मी बोलले. मोठ्याने, स्वतःच्या स्वयंपाकघरात. आणि धाकट्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी आल्याचा तुकडा जरा जास्तच जोरात ठेचला.

कारण मुलाकडचे या जमातीबद्दल माझं मत आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. माझ्या लग्नात वऱ्हाड तीन तास उशिरा आलं आणि माफी माझ्या वडिलांनी मागितली. त्याआधी सासरच्यांनी मानपानाची यादी दिली होती. बाबा शाळामास्तर. त्यांनी ती यादी सासरच्या दिवाणखान्यात उभ्याने वाचली, कारण त्यांना कुणी बसा म्हटलं नाही. मी हा किस्सा लिमरिकच्या प्रत्येक गणपतीत, प्रत्येक कोजागिरीला सांगितला आहे, नवऱ्याच्या देखत. तो बिचारा ताटात बघत बसतो. इथले मराठी डॉक्टर आणि आयटीवाले गाड्यांच्या मॉडेलपलीकडे काही बोलत नाहीत. त्या मंडळींत माझा किस्सा चांगला खपतो. बायका च्च च्च करतात, पुरुष विषय बदलतात, आणि मला दोन्ही आवडतं.

"ताई, तू आली नाहीस तर ते दार उघडणार नाहीत," धाकटा म्हणाला. "आणि ती वडिलांच्या शब्दाबाहेर लग्न करणार नाही. मी विचारून झालंय."

येते म्हणाले. कपाळाला आठी घालून म्हणाले, पण म्हणाले.

मग तयारी सुरू झाली. पिवळ्या तापाची लस टोचल्याचा दाखला असल्याशिवाय घानात पाय ठेवता येत नाही. लस देणाऱ्या दवाखान्यातल्या माणसाने माझा फॉर्म पाहिला, हॉस्पिटलचं नाव वाचलं आणि प्रेमाने विचारलं, "छान, कुठल्या वॉर्डात नर्स आहेस तू?" मी भूलतज्ज्ञ आहे. माझ्या हाताखाली दहा माणसं आहेत. मी काही न बोलता गळ्यातलं ओळखपत्र उलटं झालेलं सरळ केलं आणि तो लाल होईपर्यंत त्याच्याकडे पाहत राहिले. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, सावळी बाई हॉस्पिटलात दिसली की यांच्या डोक्यात दुसरं काही येतच नाही, आळशी डोकी. नवरा तेव्हा लॅपटॉपवर कोविड टेस्टच्या वेळा, विमानाच्या वेळा आणि मलेरियाच्या गोळ्यांच्या वेळा तीन रंगांत भरत होता. कुठल्याही संकटात तो असा तक्ता करतो आणि मग आपलं काम झालं असं समजतो.

श्नॅप्स ही काय चीज आहे ते मला ठाऊक नव्हतं. दारूच्या दुकानात मी विचारलं तर गल्ल्यावरच्या पोराने गोड फळांच्या दारूच्या चार बाटल्या समोर ठेवल्या. धाकटा फोनवर ओरडला, "तसलं नाही गं, ते पूर्वजांना वाहायचं असतं, पीचच्या चवीचं काय घेतेस!" आमच्या घरात सात पिढ्यांत कुणी थेंबाला शिवलं नाही, आणि मी परक्यांच्या पूर्वजांना काय चालतं ते लिमरिकच्या भर बाजारात विचारत हिंडत होते. बाटल्या परत करायला गेले तर त्या पोराने विचारलं, पार्टी आहे का? मी हो म्हटलं. एवढं सगळं कोण सांगत बसणार.

रोज थोडी थोडी चिडत होते. आणि अशा वेळी मी आईला फोन करते, ही माझी जुनी खोड.

"काय करून राहिलीस?" आईने विचारलं. मी सगळं सांगितलं. दार, टकटक, बाटल्या, भावांची भेट.

आई म्हणाली, "आणि ते आपल्याला काय देऊन राहिले?"

"काही नाही. उलट आपणच मागायचं हात जोडून."

"असं कसं बाप्पा! आपण मुलाकडचे आहोत." मग कपाट उघडल्याचा आवाज आला. ती परत आली तेव्हा तिच्या हातात कागद होता. माझ्या सासरच्यांनी दिलेला तोच कागद. आईने तो इतकी वर्षं जपून ठेवला होता, मला कधी कळू न देता.

"घे लिहून," ती म्हणाली. "वरमाईला साडी. मुलाच्या बहिणीला साडी आणि चांदीची वाटी. ज्येष्ठांचे पाय धुणे. पंगतीला मुलाकडचे आधी."

"आई, हाच कागद बाबांनी उभ्याने वाचला होता."

"मग? आपण दिलं नाही का सगळं? आता आपली पाळी आली तर का सोडायचं?"

मी लिहून घेतलं. नाइलाज झाला, आईचं मन मोडवेना, असली कारणं मी देणार नाही. लिहिताना मला बरं वाटत होतं. महिनाभर मी त्यांची यादी वाहत होते, आता त्यांनी आमची वाचावी, असं वाटत होतं. मी ते सगळं व्यवस्थित इंग्रजीत टाइप केलं, हॉस्पिटलात वरिष्ठांना लिहिते तसल्या थंड, सभ्य भाषेत. आमच्याही परंपरेचा यथोचित मान राखला जाईल अशी आशा आहे, वगैरे. पाय धुण्यापुढे कंसात 'किंवा तत्सम आदर' असंही लिहिलं. केवढा तो माझा समजूतदारपणा! धाकट्याला न सांगता मी तो ईमेल मुलीच्या मावशीला पाठवला. कुमासीकडचे सगळे निरोप तिच्यामार्फतच येत होते.

चार दिवस काही उत्तर आलं नाही. पाचव्या दिवशी धाकट्याचा फोन आला. मावशीने मला रविवारी घरी बोलावलं होतं, एकटीला. "ती आधी कुमासीला फोन करून सांगणार, की माणसं बघितली, चांगली आहेत. मगच आपण तिकिटं काढायची," तो म्हणाला. "नीट बोल हं ताई. तिच्या शब्दावर सगळं आहे." ईमेलबद्दल त्याला काहीच माहीत नव्हतं.

रविवारी मी लिमरिकहून ट्रेनने गेले. धाकट्याने स्टेशनवरून मला गाडीने मावशीच्या दारात सोडलं आणि समोर गाडी लावून तो आतच बसून राहिला.

मावशी साठीच्या आसपासची, ठेंगणी, एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करणारी. तिच्याकडे बघून मी मनात म्हटलं, हिला काय कळणार आहे. तिने मला खुर्ची दिली, चहा दिला, बिस्किटं दिली. मग भिंतीतलं कपाट उघडून कपांच्या मागून एक घडी केलेला कागद काढला. माझा ईमेल तिने छापून आणला होता. वर पेन्सिलीने खुणा केल्या होत्या.

"डॉक्टर, मला दोन-तीन गोष्टी कळल्या नाहीत," ती म्हणाली. "हे पाय. कुणी कुणाचे धुवायचे?"

मी म्हटलं, ते प्रतीकात्मक आहे.

"बरं. आणि ही मुलाची बहीण, चांदीची वाटी, ती तुम्हीच ना?"

"हो."

"वाटीची तुम्हाला गरज आहे का?"

ती चिडलेली नव्हती, टोमणाही मारत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. माझे कान तापले. मी परंपरा, दोन्ही बाजूंचा सन्मान, असलं काहीबाही बोलले. तिने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"आमच्याकडे जो न्यायला येतो तो मागतो," ती म्हणाली. "तुम्ही आमच्या घरातून एक माणूस घेऊन जाणार. ज्याच्या घरातलं माणूस जातं त्यालाच तुम्ही यादी पाठवलीत. असं तुमच्याकडे खरंच करतात?"

करतात, मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? माझ्या बाबांच्या हातातला कागद आणि तिच्या हातातला कागद एकच होता, आणि तो मी टाइप केला होता.

"तुमच्या भावाला हे माहीत आहे का?"

"नाही."

"मग नको सांगायला." तिने कागदाची घडी केली. "माझ्या बहिणीच्या नवऱ्यालाही मी सांगणार नाही. तो दारच लावून घेईल. पण मला त्याला फोन करून सांगायचं आहे की ही माणसं आपल्या मुलीला ओळखतात, तिला मागण्यासाठीच येताहेत. ते मी कशाच्या आधारावर सांगू? तुम्ही मला तिच्याबद्दल काहीतरी सांगा. काहीही."

मी हसले. एवढंच ना. "शांत आहे," मी म्हटलं. "कष्टाळू आहे. नर्सिंग म्हणजे किती दमवणारं काम असतं मला ठाऊक आहे, आम्ही रोज बघतो."

मावशीने कप खाली ठेवला.

"ती नर्स नाही," ती म्हणाली. "रेडिओग्राफर आहे. एक्स-रे, स्कॅन. त्याची चार वर्षांची पदवी आहे तिच्याकडे. तिच्या वर्गात ती पहिली आली होती."

भावाने मला 'हॉस्पिटलात आहे' एवढं सांगितल्याचं माझ्या लक्षात होतं, पुढचं मी मनानेच भरलं होतं. आळशी डोकं. लस देणाऱ्या त्या माणसाला मी लाजवून सोडलं होतं, आणि त्याने निदान मला विचारलं तरी होतं. मी दोन वर्षांत एकदाही विचारलं नाही. तिच्या वरण मागण्यातसुद्धा मी खोट काढली. मला त्या खुर्चीत बसवेना. आयुष्यभर मी ज्यांच्यावर थुंकत आले, त्या सगळ्या लोकांपेक्षा त्या क्षणी मला मी जास्त हलकी वाटले.

"जा," मावशी म्हणाली. "बाहेर जा आणि दार ठोठावा."

"आत्ता?"

"कुमासीत पहिल्यांदाच कराल तर फजिती होईल."

तिने मला दारापर्यंत सोडलं आणि माझ्या मागे दार लावून घेतलं. निळं दार. शेजारचा एक माणूस हिरवी कचऱ्याची पेटी ओढत रस्त्यावर आणत होता. तो थांबून बघायला लागला. समोर गाडीत धाकटा ताठ बसला. मला बाहेर काढलेलं त्याने पाहिलं होतं. इतक्या लांबून त्याचा चेहरा नीट दिसत नव्हता, पण त्याने दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं होतं, गाडी बंद असताना.

मला निघून जाता आलं असतं. मनात आलंही, की एका स्वयंपाकिणीने भूलतज्ज्ञाला असं दाराबाहेर उभं करावं? एवढं सगळं होऊनही हे मनात आलं. मग मी टकटक केली.

"कोण आहे?" आतून आवाज आला.

मी तोंड उघडलं आणि सवयीने आधी डॉक्टर म्हणणार होते. "मुलाची बहीण," मी म्हणाले.

"ऐकू आलं नाही."

"मुलाची बहीण आहे!" शेजाऱ्याने पेटी सोडून दिली आणि उघडपणे ऐकायला लागला.

"कशासाठी आलात?"

"तुमची मुलगी मागायला आलेय. माझ्या भावासाठी."

"तिला ओळखता?"

"नाही," मी म्हणाले. "ओळखत नाही."

मी आपोआप हात जोडले होते, बंद दारापुढे, आणि ते माझ्या लक्षात आल्यावरही मी ते सोडवले नाहीत.

"मग ओळख करून घ्या," मावशी म्हणाली. "आणि पुढच्या रविवारी पुन्हा या. कुमासीला फोन मी त्यानंतर करीन." दार उघडलं नाही. तिची पावलं आत गेल्याचं ऐकू आलं.

मी रस्ता ओलांडून गाडीत बसले. धाकट्याचा चेहरा पांढरा पडला होता. "काय झालं? नाही म्हणाल्या का गं?" त्याचा आवाज फाटला. माझ्या समोर तो इतका घाबरलेला मी कधी पाहिला नव्हता.

"पुढच्या रविवारी बोलावलंय."

"म्हणजे नाही म्हणाल्या नाहीत?"

"नाही."

त्याने डोळे मिटून श्वास सोडला आणि गाडीची किल्ली फिरवायला हात पुढे केला. मी त्याचं मनगट धरलं.

"थांब. ती काय काम करते ते मला नीट सांग."

"कोण? ती?" तो माझ्याकडे बघायला लागला. "रेडिओग्राफर आहे ना. तुला माहितेय की."

"मला माहीत नव्हतं."

तो समोरच्या काचेतून त्या निळ्या दाराकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "मी तुला तीनदा सांगितलं होतं, ताई."

आणि त्याने चौथ्यांदा सांगायला सुरुवात केली.